आईसाठी धावून आलेल्या सगळ्यांचे आभार

आमची आई, पतवंडांची पणजी, आषाढ लागायच्या आधीच माउलींच्या चरणी विसावली. गळ्यात तुळशीची माळ, संध्याकाळी हरिपाठ, एकादशीला भगर. यात कधी खंड नाही. गुडघे थकेपर्यंत आळंदी ते पंढरपूर पायी वारी केली. दिवेघाटात ती पोरीसोरींना मागे टाकायची, तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण, वारकऱ्यांच्या रांगांमधून दौडणारे अश्व, डोळे भरून बघायची. वारी सुटली तेव्हा काठी टेकून पतवंडांना अंगणात टाळाच्या ठेक्यावरची पावली शिकवू लागली. (तापटही होती. हरिपाठाच्या वेळी टीव्ही लावणाऱ्याची खैर नसे.)

शेवटच्या रात्री उशाशी बसून अभंग म्हणणाऱ्या भजनी मंडळाच्या मावश्या, भर पावसात दवाखान्यात न्यायला गाडी काढणारे दादा, टाळ-मृदंगाच्या गजरात खांदा देणारी वस्तीवरची पोरं, दहाव्याच्या कीर्तनाचं पाकीट हात जोडून परत करणारे महाराज, तुमचे सगळ्यांचे मनापासून आभार. नावं लिहू नका, असं तुम्हीच बजावलंत म्हणून लिहिली नाहीत.

आमच्या घरी चूल बंद होती तेव्हा पिठलं-भाकरी पोचवणाऱ्या घरांचे डबे अजून आमच्याकडेच आहेत. घासून ओसरीत मांडलेत. आपापले ओळखून घेऊन जा, आणि चहा घेतल्याशिवाय जाऊ नका.