ग्वाल्हेरचा पैसा

लष्कर, ग्वाल्हेर
12 जानेवारी

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "शिंद्यांचं राज्य आमच्या होळकरांपेक्षा मोठं, मग इंदूर एवढं पुढं गेलं आणि ग्वाल्हेर मागे का राहिलं?" प्रश्न मनाला लागला. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो. इथे पैसा नव्हता असं अजिबात समजू नकोस. 1872-73 साली जयाजीराव शिंद्यांनी इंग्रज सरकारला रेल्वेसाठी दोनदा 75-75 लाख रुपये कर्जाऊ दिले. एकदा आग्रा-ग्वाल्हेर मार्गासाठी आणि एकदा, लक्षात घे, इंदूर-नीमच मार्गासाठी! तुमच्या होळकरांनीही खांडव्याच्या रेल्वेसाठी एक कोटी रुपये दिले होते, ते मला ठाऊक आहे. पण नीमचची गाडी आमच्या खजिन्यातून निघाली हे तुमच्याकडे किती जणांना माहीत असेल? पुढे टाटा पोलाद कंपनीला चालू भांडवल हवं होतं, तेव्हा 4 लाख पौंडांचे सगळेच्या सगळे कर्जरोखे जयाजीरावांचे चिरंजीव माधवराव महाराज यांनी एकट्यांनी घेतले. जमशेदपूरच्या भट्टीत ग्वाल्हेरचा पैसा आहे रे. मला त्याचा अभिमान आहे, आणि हुरहूरही वाटते.

कारण पैसा होता तो दरबाराकडे. बाजाराकडे नव्हता. तुमच्याकडे राजधानी 1818 साली आली, पण व्यापारी त्याच्या कितीतरी आधीपासून बसलेले होते. अफू आणि कापूस यांवर सावकारी चालत होती. इथे उलटं झालं. 1810 साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ टाकला, तो उठलाच नाही, आणि तंबूंच्या जागी वाडे झाले; तेच आजचं लष्कर. आजही पत्ते तेच सांगतात. शिंदे की छावणी, कंपू, फालका बाजार, चिटणीस की गोठ. सरदार, शिलेदार, कारकून, पागेवाले, सगळे दरबारच्या पगारावर. पगार झाला की सराफा आणि दौलतगंज फुलायचा, पगार लांबला की दुकानदार वहीत उधारी मांडत बसायचा. आपल्या मराठी माणसांचं इथलं सगळं बस्तान याच पगारावर बसलं, आणि धंद्यात जोखीम घ्यायची सवय आपल्याला लागली नाही ती तेव्हापासूनच, असं माझं ठाम मत आहे.

माधवरावांना हे कळलं होतं. 1905 साली त्यांनी ग्वाल्हेरचा मेळा सुरू केला, आधी मुख्यतः जनावरांचा. दोन फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी जौरा, कैलारस, सबलगढ करत श्योपूरपर्यंत नेली, जवळजवळ दोनशे किलोमीटर. चंबळकाठच्या शेतकऱ्याचा माल शहराशी जोडला गेला. 1921 साली बिर्लांची जे. सी. मिल, म्हणजे जियाजीराव कॉटन मिल, उभी राहिली, तिच्याभोवती बिर्लानगर वसलं. शहरातल्या हजिऱ्याकडचं सगळं आयुष्य मग मिलच्या भोंग्यावर चालायला लागलं. शहरात दरबारच्या पगाराखेरीज दुसरी कमाई आली ती तेव्हा. पण हेही दरबारानेच आणलेलं. 1990च्या दशकात मिल बंद पडली, कामगार आपल्या देण्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या करत राहिले, आणि त्या जागी इथल्या भांडवलावर तेवढं मोठं दुसरं काही उभं राहिलं नाही.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. 1948 साली मध्य भारत राज्य झालं, तेव्हा हिवाळ्यात राजधानी आमच्याकडे आणि उन्हाळ्यात तुमच्याकडे. 1956 साली भोपाळ राजधानी झाली आणि दोघांच्याही हातून ती गेली. तुमचा बाजार शाबूत होता, तुम्ही लगेच सावरलात. आमची समजूत काढायला कार्यालयं मिळाली. महालेखाकार (म्हणजे एजी), महसूल मंडळ, अबकारी आयुक्त, परिवहन आयुक्त. म्हणजे पुन्हा पगारच! घरात एक जण एजी ऑफिसात लागला की सगळे निश्चिंत. कारखाने आले ते भिंड जिल्ह्यात मालनपूरला आणि मुरैना जिल्ह्यात बामोरला. तिथे कॅडबरी बनते, पण मालक बाहेरचे.

मेळा मात्र टिकला. सध्या चालू आहे, काल संध्याकाळी जाऊन आलो. कडाक्याच्या थंडीत लोक शालीतून हात काढून सॉफ्टी खातात, एवढाले पापड तोडत फिरतात, आणि पलीकडे नव्या मोटारींच्या रांगा. काही वर्षं सरकारने इथे गाडी घेणाऱ्याला करात निम्मी सूट दिली, तेव्हा लांबलांबून लोक यायचे. मला मात्र तिथे खरं पाहावंसं वाटतं ते मागच्या बाजूला. रजया, लोकरी कपडे, लोखंडी कढया विकणारे. एका कढईवाल्याशी बोलत बसलो. पत्रा कुठून, भट्टी किती वेळ, विक्री रोख की उधार, सगळं त्याने हातातला हातोडा खाली न ठेवता सांगितलं. आपल्या मालाची किंमत स्वतः ठरवणारा माणूस कसा ताठ बोलतो, ते तिथे दिसतं. अशी हजार माणसं इथे उभी राहिली तर या शहराला कोणाच्या दरबाराची वाट पाहावी लागणार नाही.

तुझा मुलगा इंदूरजवळच्या पिथमपूरच्या वर्कशॉपसाठी दुसरी जागा शोधतोय म्हणालास. त्याला पुण्याला पाठवण्याआधी इकडे पाठव. मालनपूर आणि बामोर दोन्ही मी स्वतः फिरवीन, जागेचे भाव आणि विजेची स्थिती तो डोळ्यांनी बघेल. दिल्ली इथून जवळ, आग्रा तर हाकेच्या अंतरावर. वहिनींना घेऊन तूही ये, मेळा अजून महिनाभर तरी आहे. तारीख कळव, स्टेशनवर येतो.

तुझा,
श्रीपाद