रात्रीचं गरम पाणी कोणासाठी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या कृषी पानावर थंडीतल्या कोंबड्यांच्या काळजीविषयी नुकताच मजकूर आला. पिण्याचं पाणी गोठू नये म्हणून भांड्याखाली विजेची गरम प्लेट ठेवा, टाकीत हीटर सोडा, नळीला तापणारी वायर गुंडाळा, असं त्यात सांगितलंय. जिथे आठवडाआठवडा पारा शून्याच्या वर येत नाही तिथे हे बरोबरच असेल. लडाखात उपयोगी पडेल. पण आमच्या निफाड तालुक्यात पहाटे कानटोपी आणि दुपारी बाराला अंगातला स्वेटर खुंटीला, अशी थंडी असते. तिला हा उपाय कशाला?

आमची थंडी खोटी आहे असं मी म्हणत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला तापमानाचा आकडा तुम्हीच छापता. पारा पाच अंशांखाली उतरला की द्राक्षवाल्यांची झोप उडते, बागेत शेकोट्या पेटतात, मणी तडकू नयेत म्हणून पहाटे ठिबक सुरू होतं. त्याच पहाटे अंगणात राहिलेल्या परातीतल्या पाण्यावर कधी कधी बर्फाचा पापुद्रा सापडतो. माझ्याकडे तीसेक गावरान कोंबड्या आहेत, अंडी नाशिकला जातात, त्यामुळे हा पापुद्रा मला चांगलाच ठाऊक आहे.

आता मुद्दा असा, की कोंबडी रात्री पाणी पितच नाही. अंधार पडला की ती दांडीवर चढते ती उजाडल्यावरच उतरते. अंधारात तिला धड दिसत नाही. मग रात्रभर वीज जाळून पाणी गरम ठेवायचं ते कोणासाठी, उंदरांसाठी? संध्याकाळी कोंबड्या कोंडल्या की भांडं उपडं करायचं आणि सकाळी ताजं भरायचं, यात आमची रात्र निभते. शिवाय शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. ओल्या भुशात हीटरची वायर टाकून शॉकची धास्ती कोण घेणार?

काळजी घ्यायची ती सकाळच्या पहिल्या दोन तासांची. रात्रभर कोरड्या राहिलेल्या कोंबडीला उतरल्या उतरल्या पाणी लागतं. ते बर्फगार असेल तर ती चोच बुडवते आणि बाजूला होते. पाणी कमी प्यायली की दाणा कमी खाते, आणि अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं, तेव्हा नुकसान कुठे होतं ते उघड आहे. म्हणून सकाळचं पाणी गच्चीवरच्या टाकीतलं घेऊ नये. रात्रभर उघड्यावर निवून ते दाताला लागेल इतकं गार होतं. विहिरीचं घ्यावं. खोल विहिरीच्या पाण्याचं तापमान बारा महिन्यांत फारसं बदलत नाही, थंडीत तर पहाटे त्यातून वाफ निघताना दिसते. द्राक्षवाले पहाटे ठिबक सोडतात तेही याच उबेसाठी. त्यांना कळतं ते आम्हाला का कळू नये?

पाणी गोठतं कसं, हेही त्या मजकुरात यायला हवं होतं. हवा दोन-तीन अंशांवर असतानाही परातीत बर्फ धरतो. आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला की उघड्यावरची वस्तू आपली उष्णता आभाळाकडे सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. बर्फाचे कारखाने नव्हते तेव्हा अलाहाबादकडे हिवाळ्यात मोकळ्या जागी पेंढा पसरून त्यावर मातीच्या उथळ थाळ्या पाण्याने भरून ठेवत आणि पहाटे बर्फ गोळा करत. पेंढा अशासाठी, की जमिनीची ऊब थाळीला लागू नये. आमच्या गावात मात्र पाणी उबदार राहावं म्हणून परातीखाली मुद्दाम पेंढा घालतात! बर्फ करायची अख्खी रीत आम्ही पाळतो आणि मग थंडीला बोल लावतो. ज्यांना रात्री पाणी भरून ठेवावंच लागतं, त्यांनी पसरट परातीऐवजी खोल बादली घ्यावी आणि ती पत्र्याखाली, नुसत्या जमिनीवर ठेवावी. डोक्यावर छप्पर आलं की अर्धं काम झालं.

मोबाईलवरचा आणखी एक सल्ला इथे पोचलाय. बाटलीत खारं पाणी भरून, झाकण घट्ट लावून ती भांड्यात तरंगत सोडायची. आतलं पाणी सहजी गोठत नाही, बाटली हलत राहते आणि वर पापुद्रा धरायला अडथळा होतो. ठीक आहे. पण ऐकणारा अर्धंच ऐकतो आणि मीठ थेट पिण्याच्या पाण्यात टाकतो. कोंबडीला जास्त मीठ सोसत नाही, ती दगावते. हे कृपा करून ठळक अक्षरात छापा.

लहान पिल्लांची गोष्ट वेगळी. ती बल्बखाली रात्रभर जागतात, खातात, पितात. त्यांना पाणी कोमटच हवं आणि भांडंही बल्बच्या उबेत हवं. एवढ्यासाठी वीज जाळली तर माझी तक्रार नाही. आणि नांदूर मध्यमेश्वरच्या काठच्या लोकांनी धरणाचं पाणी जवळ आहे म्हणून तेच कोंबड्यांना पाजू नये. थंडीत तिथे परदेशी बदकं उतरतात आणि पाणपक्ष्यांकडून बर्ड फ्लू येऊ शकतो. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लूने कोंबड्यांचं काय झालं ते कोंबडीवाले विसरलेले नाहीत.

तेव्हा विनंती एवढीच. पारा घसरला की तुम्ही द्राक्षबागांसाठी चौकट छापता, तिच्या शेजारी चार ओळी अंगणातल्या कोंबड्यांसाठीही येऊ द्या. त्या आपल्या तालुक्याची थंडी माहीत असलेल्या पशुवैद्यकाकडून लिहून घ्या. आणि चौकट आदल्या दिवशीच्या अंकात यावी, कारण आमच्याकडे पेपर येतो तोवर कोंबड्यांचं सकाळचं पाणी पिऊन झालेलं असतं.

आपली,
एक वाचक, ता. निफाड, जि. नाशिक