परदेशी गिऱ्हाइकाशीही मराठीतच बोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाण्याच्या नौपाडा भागात आमच्या इमारतीत गेल्या वर्षापासून एक ब्राझिलियन जोडपे भाड्याने राहते. नवरा नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर असतो आणि घरची सगळी खरेदी पत्नी करते. ती माझ्या मुलीच्या वयाची आहे आणि मला काकू म्हणते, म्हणून तिच्याविषयी एकेरीत लिहिते. तिच्यासोबत जांभळी नाक्याच्या बाजारात, किराणा दुकानांत आणि औषधांच्या दुकानात मी पुष्कळदा गेले आहे. तिथे जे पाहिले त्यात तिच्या चुका थोड्या आणि आपल्या सवयी अधिक आहेत, असे माझे प्रामाणिक मत झाल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

पहिली सवय म्हणजे, गोरा माणूस दिसला की त्याला इंग्रजी येणारच असे आपण धरून चालतो. ब्राझीलची भाषा पोर्तुगीज आहे आणि या मुलीला इंग्रजी जेमतेम येते. उलट मराठी अक्षरे ती माझ्याकडे बसून चार महिन्यांत शिकली. घरून वाक्य पाठ करून ती भाजीवाल्यासमोर उभी राहते आणि "दादा, अर्धा किलो भेंडी द्या" असे सावकाश, स्पष्ट म्हणते. त्यावर उत्तर येते ते "हाफ केजी, मॅडम? फोर्टी रुपीज!" असे. हे इंग्रजी तिला समजत नाही, म्हणून भाजीवाला हिंदीवर येतो. ते तर तिला मुळीच समजत नाही. शेवटी बोटांवर हिशेब होतो. यात भाजीवाल्याचा हेतू वाईट नसतो, तो आपल्या परीने तिला मदतच करत असतो, हे मला मान्य आहे. पण भाषा शिकण्यासाठी जी एकमेव शाळा तिला रोज फुकट मिळू शकते, ती आपणच तिच्या तोंडावर बंद करतो.

यातला विशेष भाग असा की, तिच्या भाषेचे आणि आपल्या बाजाराचे नाते जुने आहे. ठाणे १७३७ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. त्यांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेल्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. ते गेले, पण शब्द राहिले. पहिल्याच दिवशी तिने टोपलीकडे बोट दाखवून आपल्या भाषेत "बटाटा" म्हटले आणि भाजीवालीने काहीच न विचारता बटाटे तोलायला घेतले, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. पाव, चावी, बादली हे शब्दही तिला असेच ओळखीचे निघाले. मात्र शब्द सारखा असला म्हणजे वस्तू सारखी असतेच असे नाही. कोबी हा आपला शब्द ज्या पोर्तुगीज शब्दावरून आला, तो ब्राझीलमध्ये गड्डा न धरणाऱ्या, रुंद हिरव्या पानांच्या भाजीसाठी वापरतात. त्यामुळे तिने कोबी मागितला आणि हातात गड्डा आल्यावर ती गोंधळली. काजूचेही तसेच झाले. काजूचे झाड मूळचे तिच्याच देशातले, तेथून ते पोर्तुगिजांनी गोव्याला आणले. तिच्या भाषेत नुसते काजू म्हटले की फळ, म्हणजे कोकणात आपण ज्याला बोंड म्हणतो ते, आणि आपल्या दुकानदाराने अर्थातच सोललेले गर पुढे केले. अशा वेळी कोणी दोन मिनिटे थांबून मराठीत समजावले, तर तिला आनंदच होतो.

खरी अडचण येते ती वजनाची आणि पैशांची. आपल्याकडे १९५८ पासून मेट्रिक वजने सुरू झाली, शेर आणि छटाक गेले, पण पावशेरातला पाव आपण किलोलाही चिकटवून ठेवला. "पाव देऊ की अर्धा?" असे भाजीवालीने विचारले तेव्हा या मुलीने "पाव नको, बटाटा" असे नम्रपणे सांगितले, कारण तिच्या भाषेतही पाव म्हणजे बेकरीतला पाव. तिच्या दृष्टीने ते उत्तर अगदी बरोबर होते. त्यानंतर सव्वा, दीड, अडीच आणि पावणे यांचा क्रम लागतो. "पावणेदोनशे झाले" हे ऐकून तिने दोनशेची नोट दिली, पण परत पंचवीस यायला हवेत की पन्नास, हे तिला कळेना. हातातले सुटे पैसे ती पुनःपुन्हा मोजत राहिली आणि मागची गिऱ्हाइके चुळबुळ करू लागली. तेव्हा भाजीवालीने स्वतःहून शंभर, पन्नास, वीस आणि पाच असे वेगवेगळे मांडून दाखवले. मराठीतच बोलत, पण एकेक नोट आणि नाणे हातात धरून. त्या दिवशी पावणेदोनशे म्हणजे किती, ते ती शिकली ते शिकलीच.

अंकांचे नावही असेच अवघड जाते. त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर यांत तिचा नेहमी घोटाळा होतो, आणि एकोणसाठ ऐकले की तिला साठच्या पुढचे काही तरी वाटते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक" अशी वाचनपद्धती आली तेव्हा बराच वाद झाला होता आणि मीही त्या पद्धतीच्या विरोधात होते. शाळेत मुलांनी बावीस-तेवीसच शिकावे, असे मला आजही वाटते. पण पोर्तुगीजमध्ये एकवीस म्हणण्याची रीत नेमकी "वीस आणि एक" अशीच आहे, आणि दुकानात अशा गिऱ्हाइकाला "त्रेसष्ट, म्हणजे साठ आणि तीन" असे दोन्ही सांगितले तर मराठीचे काहीही बिघडत नाही.

एक प्रसंग सविस्तर सांगते. लिंबू सरबतासाठी तिला मीठ आणि सोड्याची बाटली हवी होती. एका किराणा दुकानात तिने "मीठ, सोडा" असे सांगितले. गल्ल्यावरचा मुलगा हिंदी भाषक होता. त्याच्या कानावर "मीठा सोडा" असे पडले आणि त्याने तिला खायच्या सोड्याची पुडी दिली, कारण हिंदीत मीठा सोडा म्हणजे तोच. घरी येऊन तिने ती पांढरी पूड मीठ समजून चमचाभर पेल्यात घातली, वर लिंबू पिळले आणि सगळा पेला फसफसून ओट्यावर सांडला. घाबरून ती माझ्याकडे धावत आली. आपल्या भाषेत मीठ खारट आणि शेजारच्या भाषेत मीठा गोड, हे मला तिला कागदावर लिहून दाखवावे लागले. त्या मुलाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण जे मीठ आपल्या राज्यात रोज विकायचे आहे, त्याचे नाव विकणाऱ्याला मालकाने शिकवायला नको का? किराण्यात हे पेल्यावर निभावले; औषधाच्या दुकानात दीड गोळी आणि अडीच गोळ्या यांत गोंधळ झाला तर काय होईल, याची मला खरोखर काळजी वाटते.

आता पाट्यांविषयी. २०२२ च्या कायदेदुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईतल्या व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. या गोष्टींचे मला मोल आहे. परंतु दाराबाहेर मोठी मराठी पाटी आणि आत एकाही टोपलीवर, एकाही फळीवर मराठी शब्द नाही, असे चित्र मी मोठ्या दुकानांत सतत पाहते. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार वेष्टनावरची आवश्यक माहिती देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत असली तरी चालते. अन्य भाषेला मुभा आहे, सक्ती नाही. म्हणजे वेष्टनाकडून फारशी अपेक्षा नाही. पण सुट्या भाजीवर, डाळींच्या डब्यावर, मसाल्याच्या बरणीवर मराठी नाव लिहायला कोणाची परवानगी लागते? ज्यांनी अक्षरे शिकली आहेत त्यांना वाचायला निदान काही तरी हवे.

तसे लिहिताना दर दोन्ही अंकांत लिहावा, अशीही विनंती आहे. देवनागरी १ नवख्या डोळ्यांना इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ५ चारसारखा. पंधरा रुपयांची कोथिंबिरीची जुडी या मुलीने चौऱ्याण्णवची समजून परत ठेवली होती. त्या आठवड्यात तिने कोथिंबिरीशिवाय स्वयंपाक केला आणि इथे कोथिंबीर फार महाग आहे, असे आईला फोनवर सांगितले.

ठाणे महानगरपालिकेने आपल्या मंडयांमध्ये असे फलक लावावेत, अशी माझी विनंती आहे. त्याची वाट न पाहता मी जांभळी नाक्यावरच्या आमच्या नेहमीच्या भाजीवालीला पुठ्ठ्याच्या बावीस चिठ्ठ्या लिहून दिल्या आहेत. दुधी, तोंडली, पडवळ, घोसाळी, शेपू, अळू अशी ठळक अक्षरांत नावे आणि खाली खडूने दर लिहायला जागा. अळूची चिठ्ठी विशेष उपयोगाची ठरली, कारण अळू वाचून आलू समजणारी हिंदी भाषक गिऱ्हाइकेही आता पाने पाहून थांबतात आणि हे काय आहे, असे विचारतात. तिच्या शेजारच्या दोन विक्रेत्यांनीही चिठ्ठ्या मागितल्या असून त्या लिहून तयार आहेत. आणखी कोणा विक्रेत्याला हव्या असतील तर मी दर गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास त्याच भाजीवालीजवळ असते. पुठ्ठा आणि शाई माझी. नावे मात्र त्यांनी आपल्या तोंडून, ते म्हणतात तशीच सांगावीत.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)