बिटोलातल्या बूटवाल्या काकांना

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे, त्याला जबाबदार तुमची नात. "देदोला, म्हणजे आजोबांना, तुमच्याच भाषेत लिहा, मोबाइल वाचून दाखवेल," असं तीच निघताना म्हणाली होती. मोबाइल मध्येच अडखळला तर एवढंच सांगायला सांगा : उजव्या बुटाचा सोल निघालेला तो कोल्हापूरचा माणूस. तेवढ्यावर तुम्हाला ओळख पटेल.

गेल्या ऑक्टोबरात उत्तर मॅसेडोनियातल्या तुमच्या बिटोला गावात, शिरोक सोकाक या मुख्य रस्त्यावरून मी फटक-फटक आवाज करत चाललो होतो. दोन्ही बाजूला जुन्या वकिलातींच्या देखण्या इमारती, बाहेर खुर्च्या टाकून कॉफी पीत बसलेलं सगळं गाव, आणि मी बदकासारखा. जुन्या बाजारात कुणीतरी तुमच्याकडे बोट दाखवलं आणि "दुक्यान" म्हणालं. परक्या मुलखात दुकानाला दुकानच म्हणतात हे ऐकून निम्मी काळजी तिथेच मिटली.

तुम्ही काही न विचारता बूट ओढून घेतलात. रापीनं जुना डिंक खरवडलात, सोल्युशन लावून फुंकर मारलीत, आणि त्यावरही विश्वास नसल्यासारखे आरी आणि मेणाचा दोरा घेऊन कडेनं शिवत बसलात. मी एक पाय वर्तमानपत्रावर ठेवून भिंतीकडे बघत होतो. तिथे तुमच्या गावच्या फुटबॉल क्लबचा हिरवा-पांढरा मफलर लटकत होता. सहज म्हणालो, "पेलिस्तर?" आरी खाली ठेवली गेली. माझी ओहरीदची बस त्याच क्षणी चुकली होती, फक्त मला ते नंतर कळलं.

क्लबचा इतिहास म्हटला की माणसं चषकांपासून सुरू करतात. तुम्हीही केलात, पण डब्यातून बुटाचे दोन बारके खिळे काढून फळीवर ठेवलेत. पहिला 2001 चा : देशात बंडखोरांशी लढाई पेटलेली, आणि मॅसेडोनियन चषकाच्या अंतिम सामन्यात पेलिस्तरनं स्कोप्येच्या स्लोगा युगोमॅग्नाटला 2-1 हरवलं. दुसरा 2017 चा : श्केंदियाविरुद्ध गोलच झाला नाही, पेनल्टीवर 4-3. मी तिसऱ्या खिळ्याची वाट बघत होतो. "लीग?" तुम्ही हात झटकलेत. लीगचं विजेतेपद कधीच नाही. 1945 सालचा क्लब, 2601 मीटरच्या डोंगराचं नाव लावलेला, आणि खिळे दोन.

मग डब्यात हात घालून मूठभर खिळे फळीवर ओतलेत. हे काय, तर खालच्या लीगमध्ये गेलो ते, आणि युरोपात हरलो ते. 2017 चा चषक जिंकल्यावर युरोपा लीगच्या पात्रता फेरीत पोलंडच्या लेख पोझनाननं दोन सामन्यांत सात गोल घातले आणि आपण एकही नाही. त्याच मोसमाच्या शेवटी देशाच्या पहिल्या लीगमधूनही हकालपट्टी. चषक हातात घेऊन वर्षभरात खाली! हे सांगताना तुम्ही इतके हसत होतात की नातीला भाषांतर थांबवावं लागलं.

आता गंमत ऐका. आमच्या मराठीत या बारक्या खिळ्यांना चुका म्हणतात. चूक म्हणजे खिळा, आणि चूक म्हणजे चूक. मोबाइलला हे काही जमणार नाही, तुम्ही नातीकडून समजून घ्या. त्या दिवशी मला ते इंग्रजीत सांगताच आलं नाही, आणि तुमच्या फळीवर तर नेमक्या चुकाच मांडलेल्या होत्या.

एक खिळा मात्र तुम्ही बाजूला, एकटा ठेवलात. 1991-92. क्रोएशिया आणि स्लोवेनियाचे क्लब निघून गेलेले, युगोस्लाव्हिया उसवत चाललेला, आणि नेमकं तेव्हा पेलिस्तर पहिल्यांदा त्या मोठ्या लीगमध्ये. त्याच लीगमध्ये बेलग्रेडचा रेड स्टार क्लब होता, मे 1991 मध्ये युरोपियन कप जिंकलेला. सत्तर हजार वस्तीच्या गावाचा संघ त्यांच्या पंगतीला बसला, आणि पंगत उठायच्या बेतात! मोसम संपेस्तोवर सारायेव्होत गोळीबार सुरू झालेला. तो खिळा चषकांत धरायचा की मुठीत, हे तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. मी असतो तर चषकांत धरला असता.

दुकान बंद करून तुम्ही मला मैदानावर नेलंत. फाटकाला कुलूप होतं, म्हणून गजांतून बघितलं. सगळं गाव त्याला तुंबे काफे म्हणतं, पण नाव पेतार मिलोशेव्स्कीचं आहे. बिटोलाचाच गोलकीपर, पेलिस्तरकडून खेळलेला, पुढे राष्ट्रीय संघात गेलेला. 2002 मध्ये साउदॅम्प्टनला इंग्लंडला 2-2 असं रोखलं तेव्हा गोलात तोच उभा होता. 2014 मध्ये मोटार अपघातात गेला. त्याच्याबद्दल तुम्ही फार बोलला नाहीत. टोपी काढलीत, परत घातलीत, आणि म्हणालात, चला, भूक लागली.

आणि वाटीत काय आलं, तर वजडी! लसूण आणि व्हिनेगर घातलेली, पांढरीफेक. तुम्ही दोघं माझ्या तोंडाकडे बघत होतात, परदेशी माणूस आता पळणार म्हणून. काका, आम्ही तांबड्या रश्श्याच्या गावचे. मी दुसरी वाटी मागितली तेव्हा तुम्ही टेबलावर थाप मारलीत आणि तुमच्या क्लबच्या पाठीराख्यांना 'च्केंबारी' का म्हणतात ते उलगडून सांगितलंत. च्केंबे म्हणजे वजडी, च्केंबारी म्हणजे वजडीवाले. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळ भिडतात तेव्हा पेठापेठांतून काय काय हाका उठतात, पण इतकं चविष्ट नाव कुणी घेतलेलं नाही.

शिलाईचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. वर मफलर माझ्या गळ्यात टाकलात आणि रात्रीची सोय शेजारच्या घरात करून दिलीत. सकाळी नात बसस्थानकापर्यंत सोडायला आली. मी त्या गडबडीत धड आभारही मानले नाहीत, म्हणून हा खटाटोप.

बूट अजून घालतो. पावसाळा काढला त्यानं, टाका एक हललेला नाही. इथल्या एका दुरुस्तीवाल्यानं तो उलटा करून पाहिला आणि विचारलं, "कुणी शिवलाय?" मी बिटोला म्हणालो. त्याला ती जवळचीच एखादी पेठ वाटली असावी.

सोबत पार्सल पाठवतोय. कोल्हापुरी चप्पल आहे, माप अंदाजानं घेतलंय. घालण्याआधी उलटी करून नीट बघा, तुम्ही बघालच. सगळी शिलाई चामड्याच्या वादीची आहे. आत एकही चूक नाही.

आपला,
कोल्हापूरचा उजवा बूट