डिंकाचे लाडू नकोत, वंशावळ पाठवा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आईचा गळा दाटतो, बाबा नुसतं "बरं, बरं" म्हणतात आणि ठरलेलं काहीच कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून लिहून पाठवतोय. चष्मा लावून सावकाश वाचा. यात दोन कामं तुमच्या वाट्याची आहेत, ती आली की पेनाने खूण करा.

आधी रिपोर्ट. मोठं आतडं डाव्या बाजूने खाली उतरून गुदाशयाला मिळण्याआधी एक वळण घेतं, त्याला सिग्मॉइड म्हणतात. गाठ तिथे आहे. बायॉप्सीत अडिनोकार्सिनोमा आला, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरातून उगवलेला कॅन्सर. हा बहुतेक वेळा आधी पॉलिप असतो, अस्तरावर आलेला छोटा मोड. त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं जातात. तेव्हा ऑफिसचं कँटीन, रात्रीची जागरणं आणि सुनेच्या हातची भाजी यांच्यावर खटला भरू नये. आई, हे तुझ्यासाठी.

"एवढ्या लहान वयात कसा?" हा प्रश्न डॉक्टरांनाही पडतो. अमेरिकेतल्या नोंदींत १९९० च्या सुमारास जन्मलेल्यांना हा कॅन्सर होण्याचा धोका १९५० च्या सुमारास जन्मलेल्यांच्या दुप्पट दिसला. तिथे तपासणीचं वय २०२१ मध्ये ५० वरून ४५ वर आणलं. आपल्याकडे सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख येतं, आतडं येत नाही. त्यामुळे चौतिशीतल्या माणसाला रक्त पडलं की सगळे मूळव्याधच धरतात आणि मलम देतात. मूळव्याधीचं रक्त बहुधा लालभडक, शौचानंतर थेंबथेंब पडणारं असतं. गाठीचं बरेचदा शौचात मिसळलेलं, चिकट शेंबडासकट असतं. सोबत शौचाची जाडी कमी होते, पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही, हिमोग्लोबिन उतरतं. पण नुसत्या रंगावरून घरी निकाल लावू नये, एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. आपल्या गल्लीत महिनोन्‌महिने मलम लावणारे कोण कोण आहेत ते बाबांना ठाऊक आहे. त्यांना एवढं सांगा.

आता "कितवी स्टेज?" बाबा, तुम्ही तीनदा विचारलंत. छाती-पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ आहेत, म्हणजे चौथी दिसत नाही. गाठीशेजारचे दोन लिम्फ नोड, म्हणजे कॅन्सर पसरताना आधी जिथे पोचतो त्या छोट्या ग्रंथी, जरा मोठे वाटतात. पण मोठा नोड म्हणजे कॅन्सरच असं नाही. खरी स्टेज ऑपरेशननंतर ठरते. गाठ आतड्याच्या भिंतीत किती थर खोल गेली आणि काढलेल्या नोडपैकी किती बाधित निघाले ते पॅथॉलॉजिस्ट मोजतो. निदान १२ नोड तपासलेले असावेत असा दंडक आहे, कारण चारच पाहून "काही नाही" म्हटलं तर त्याला अर्थ नसतो. तो रिपोर्ट आला की पहिल्यांदा तोच आकडा वाचा. अमेरिकेच्या आकडेवारीत गाठ आतड्यापुरती असली तर पाच वर्षांनी सुमारे ९० टक्के लोक असतात, शेजारच्या नोडमध्ये पोचली असली तर सत्तरच्या थोडे वर. आकडा लपवून तुमची रात्रीची झोप वाचणार नाही, म्हणून लिहिला.

ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे, दुर्बिणीतून. गाठ, दोन्ही बाजूंचं थोडं चांगलं आतडं आणि त्या भागाला रक्त नेणाऱ्या नसेभोवतालची नोडसकट चरबी असा एकसंध तुकडा काढतात आणि उरलेली दोन टोकं स्टेपलरने जोडतात. मोठं आतडं दीड मीटरच्या आसपास असतं, त्यातलं वीतभर गेलं तर पचनाला फारसा फरक पडत नाही. हिमोग्लोबिन ९ आहे म्हणून या आठवड्यात शिरेतून लोह देणार आहेत. बीट-खजुराने ते भरेलही, पण गुरुवारपर्यंत नाही.

ऑपरेशननंतर घाबरायचं कशाला आणि कशाला नाही, तेवढं नीट लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी मला चालवतील. "टाके ओले आणि पोराला उभं करतायत" म्हणून नर्सशी भांडू नका, चालल्याने आतडं लवकर जागं होतं आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होत नाहीत. खरी भीती जोड गळण्याची. तो बहुधा पहिल्या आठवड्यात गळतो. ताप, नाडी जलद, पोट फुगून दुखणं, जेवण नकोसं होणं ही लक्षणं दिसली की लगेच सांगायचं, "गॅस झाला असेल" म्हणून ओवा द्यायचा नाही. घरी आल्यावरही काही आठवडे रोज पोटात एक इंजेक्शन असेल, रक्त पातळ ठेवण्याचं. ते तुमची सून देईल. जड उचलणं सहा आठवडे बंद.

शौचासाठी पोटावर लावतात त्या पिशवीबद्दल आईने विचारलं होतं. या जागेच्या गाठीला सहसा लागत नाही. जोडाची खात्री वाटली नाही तर काही महिन्यांपुरती करतात, म्हणून आदल्या दिवशी पोटावर पेनाने जागा आखून ठेवतील. बसून, उभं राहून, वाकून बघतात, म्हणजे घडीत किंवा पट्ट्याखाली येत नाही. झालीच तर सोपं गणित आहे. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, तीन-चार दिवसांनी बदलायची आणि तिच्या चकतीचं भोक स्टोमापेक्षा, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडापेक्षा, दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं. जास्त मोठं कापलं की कातडी सोलवटते, आणि लोक दोष पिशवीला देतात.

नोड बाधित निघाले तर चार ते आठ आठवड्यांत केमो सुरू होईल. बहुधा केपॉक्स, म्हणजे दोन औषधांची जोडी. तीन आठवड्यांचं एक चक्र असतं. पहिल्या दिवशी ऑक्झॅलिप्लॅटिनचं दोन तासांचं सलाइन, मग १४ दिवस सकाळ-संध्याकाळ कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, मग सात दिवस सुट्टी. अशी चार चक्रं किंवा आठ, ते रिपोर्टवर. गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची. चुकली तर चुकली, पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. केस थोडे विरळ होतात, टक्कल सहसा पडत नाही, तेव्हा टोपी विणायला घेऊ नकोस.

या औषधाची खोड वेगळीच आहे, गारवा सोसत नाही. सलाइननंतर चार-पाच दिवस स्टीलचा गार पेला हातात धरला तरी बोटांना विजेसारख्या मुंग्या येतात. माठातल्या पाण्याचा घोट घेतला तर घसा आवळल्यासारखा होतो, श्वास अडकला असं वाटतं. तो अडकलेला नसतो, कोमट पाणी घेऊन दोन मिनिटं थांबलं की सुटतं. आई इकडे असेल तेव्हा मला फ्रिजमधून काही काढायला लावायचं नाही आणि पाणी कोमट द्यायचं. चक्रं वाढली की मुंग्या उन्हाळ्यातही राहू लागतात. ते मी डॉक्टरांना सांगायचं आणि त्यांनी मात्रा कमी करायची. सोसणं यात शौर्य नाही, नस कायमची बधिर होते.

ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर घरी क्रोसिन नाही, थेट हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजले असले तरी. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना बरेचदा ताप हीच एकमेव खूण असते. रोजच्यापेक्षा चार वेळा जास्त जुलाब झाले तर गोळ्या थांबवून फोन करायचा.

काढे नकोत. गुळवेल तर मुळीच नको. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले आहेत, आणि केमोत यकृतावर आधीच काम असतं. ताकदीच्या गोळ्याही विचारल्याशिवाय नकोत, फॉलिक ॲसिडने कॅपेसिटाबिनचा त्रास वाढतो. साखर बंद, दूध बंद असलं मोबाइलवरचं काही पाळायचं नाही. वजन टिकलं पाहिजे. डिंकाचे आणि मेथीचे लाडू मात्र ऑपरेशन होईपर्यंत पाठवू नकोस. गाठीने वाट अरुंद झाली आहे, तिथे डिंक, मेथी, पालेभाजीच्या शिरा, मक्याचे दाणे असलं काही अडकलं तर पंचाईत. मऊ भात, मुगाचं वरण, अंडी, ताक चालतं. उलट्या सुरू होऊन वारा सरणं बंद झालं तर गुरुवारची वाट न पाहता भरती.

केमोआधी वीर्य गोठवून ठेवलं आहे. या विषयावर एवढंच.

पैशांचं मेडिक्लेमने होतं आहे, बाबांनी एफडी मोडू नये. बायॉप्सीचा तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक मी मागून घेतला आहे, दुसरं मत घेताना नुसत्या कागदापेक्षा तोच विचारतात. आणि बाबा, तुम्हाला आवडेल म्हणून: अशा आजाराच्या उपचारखर्चावर आयकरात ४०,००० पर्यंत वजावट मिळते, जुन्या करपद्धतीत, पण मेडिक्लेमचे मिळालेले पैसे त्यातून वजा होतात.

आता तुमची कामं. पेन घ्या.

पहिलं. बायॉप्सीच्या तुकड्यावर चार प्रथिनांची तपासणी चालू आहे: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२. एखादं गायब दिसलं तर लिंच सिंड्रोमची, म्हणजे घराण्यात उतरणाऱ्या कॅन्सरच्या धोक्याची, शंका येते आणि मग रक्तातून जनुक तपासतात. ते निघालं तर आई किंवा बाबांपैकी एकाकडून आलं असण्याचीच शक्यता जास्त, आणि धाकटीलाही असण्याची शक्यता निम्मी. लिंचमध्ये आतड्याबरोबर गर्भाशय, अंडाशय, जठर यांचेही कॅन्सर होतात. जनुकतज्ज्ञ पहिल्यांदा वंशावळ विचारतो. ती माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. वहीचं पान आडवं धरा. वर आजी-आजोबा, मध्ये तुमची भावंडं, खाली आम्ही. प्रत्येकापुढे कसला आजार, कितव्या वर्षी, कितव्या वर्षी गेले. "पोटात पाणी झालं", "अंगावरून जायचं", "पिशवी काढली" असले जुने शब्द तसेच लिहा, त्यांचा अर्थ डॉक्टर लावतील. लाजून गाळू नका, आणि जे धडधाकट नव्वदीत गेले तेही लिहा.

दुसरं, तुम्हा दोघांची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी. माझं ऑपरेशन झालं की महिन्याभरात, कराडला किंवा कोल्हापूरला. सख्ख्या नात्यात असा कॅन्सर निघाला की चाळिशीपासून, किंवा त्याच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षं, जे आधी येईल तेव्हापासून तपासायचं असतं. तुमची चाळिशी कधीच उलटली, धाकटीची वेळ माझ्या हिशेबाने आजच आहे. पॉलिप सापडला तर तिथल्या तिथे फासाने कापून काढतात, अस्तराला दुखणं कळत नाही. म्हणजे जे मला झालं ते व्हायच्या आधीच खुडलं जातं. शौचातल्या रक्ताच्या साध्या चाचणीवर आपल्या घराने भागवायचं नाही.

तपासणी सोपी, तयारी कंटाळवाणी. बिघडते ती तयारीच. तीन दिवस आधीपासून बिया, सालं, पालेभाज्या, शेंगदाणे, तीळ बंद. पेरू आणि टोमॅटोच्या बिया दुर्बिणीत अडकतात. आदल्या दिवशी आरपार दिसेल असंच प्यायचं: वरणाचं गाळलेलं पाणी, नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा. दूध नाही, आणि कोकम किंवा रसना नाही, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. औषधाची पुडी बहुधा १३७ ग्रॅमची असते, ती दोन लिटर पाण्यात. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला. थंड करून, लिंबू पिळून घेतलं तर घशाखाली उतरतं. मळमळलं तर अर्धा तास थांबून पुन्हा सुरू. अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं पहाटे असं सांगितलं तर पहाटेचं टाळू नका. लोक तिथेच दगा देतात आणि उजव्या बाजूचं आतडं घाणच राहतं. शेवटी फिकट पिवळं, आरपार पाणी पडलं की झालं. गढूळ असेल तर तसं सांगा.

आईची लोहाची गोळी आठवडाभर आधी बंद, ती चिकट काळा थर ठेवते. बाबांची ॲस्पिरिन मनाने बंद करायची नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. मधुमेहाच्या गोळ्यांचंही तसंच, उपाशीपोटी त्या घेतल्या तर साखर उतरते. झोपेचं इंजेक्शन देतात, म्हणून त्या दिवशी बाबांनी स्कूटर काढायची नाही. रिपोर्टमध्ये दोन गोष्टी बघा: दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, पोचली का, आणि तयारी कशी होती. दोन्हींपैकी एक जरी नसेल तर तपासणी पूर्ण झाली असं धरू नका. घरी आल्यावर पोट कडक होऊन दुखलं, ताप आला किंवा गुठळ्या पडल्या तर परत जायचं. भोक पडणं हजारात एखाद्याला होतं, पण होतं.

भेटायला रविवारी या, गुरुवारी नको. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर सात तास बसण्यापलीकडे काही नाही. येताना पान घेऊन या. आजोळचं आठवत नसेल तर मोठ्या मामींना फोन कर, त्यांना सगळ्यांच्या तिथी पाठ आहेत.

तुमचा,
बंडू

ता. क. लोहाची गोळी आईची, ॲस्पिरिन बाबांची. दोन्ही एकाच डब्यात ठेवता, आज वेगळ्या करा.