रविवारच्या लेथ-बैठकीआधी

सभासदहो, रविवारी सकाळी १० वाजता, नेहमीच्याच जागी. या वेळी लेथवर (लाकूड फिरवत कातायचं यंत्र) फक्त लाकडी पेनाचं फिनिशिंग. पितळी नळी चिकटवून सुकलेला ठोकळा घरूनच आणा. इथे येऊन भोकं पाडत बसलात तर सकाळ त्यातच संपेल. आपल्या मॅन्ड्रेलला (ठोकळा लेथवर धरणारी दांडी) ७ मिमी नळीचं पेनाचं किट चालतं.

रे रोडच्या लाकूडबाजारातून जुनं सागवान आणणाऱ्यांनी त्यावर चुंबक फिरवून पाहावं. आत तुटका खिळा निघाला तर हत्याराला धार लावायला कोण बसणार, ते ठरलेलंच आहे.

पॉलिश पेपर १५० पासून ६०० पर्यंत क्रमाने. प्रत्येक नंबर झाला की लेथ बंद करून लाकडाच्या रेषेत हाताने घासा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, मग चकाकी आल्यावर गोल ओरखडे दिसतात. चकाकीसाठी वरून द्यायचा सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे मुंबईच्या पावसाळी हवेत जाड थर पांढुरका पडतो. थर पातळच द्या. चपडा लाखही दमट हवेत धुरकट होते, तरी माझं मत लाखेलाच.

शिसवीची धूळ बाधते, मास्क हवाच. लेथवर हातमोजे, ओढणी, सैल बाह्या चालणार नाहीत.