बाबांचे शंभर युनिट

पुणे, ५ जानेवारी

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे ठीक आहेत. फोनवर हिशेब सांगायला लागले की बाबा म्हणतात, "कागदावर मांडून दे, मग बोलू." म्हणून कागदावर मांडतेय. बाबा, तुम्ही हे आईला मोठ्यानं वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. मधलं काही गाळायचं नाही. आई, तू लक्ष ठेव. गाळताना ते खाकरतात.

आज पेपरात पुन्हा 'निफाडचा पारा घसरला'. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा छापून आला की ऑफिसातले सगळे माझ्याकडे बघतात, जशी काही थंडी मीच सोडलीय. मला मात्र तो आकडा वाचला की आपली मोरी दिसते. पत्र्याचं दार, दाराखालून येणारं वारं आणि बंबापुढे उकिडवी बसून फुंकणी फुंकणारी आई.

नाताळच्या सुट्टीत आले तेव्हा चार दिवस मी फार बोलले नाही, नुसती बघत होते. आईला उन्हाळी लागली होती. शब्द तरी काय आहे बघा. बाहेर हातपाय गारठलेत आणि बाईला उन्हाळी! धन्याचं पाणी झालं, सब्जा झाला, शेवटी डॉक्टरांनी लघवी तपासून गोळ्या दिल्या. त्यांनी विचारलं, "पाणी किती पिता?" तू म्हणालीस, "पिते की भरपूर." आई, मी मोजलंय. संध्याकाळच्या चहानंतर तू पाण्याचा थेंब घेत नाहीस. जेवताना ताकाचे दोन घोट, संपलं. का, तर रात्री उठायला लागू नये. उठायचं का नाही, तर मोरीपर्यंतच्या बोळात अंधार. आणि अंधार का, तर तिथला झीरोचा दिवा बाबांनी काढून कपाटात ठेवलाय, "रात्रभर फुकट जळतो" म्हणून.

दुसऱ्या रात्री मला जाग आली ती बांगड्यांनी. भिंतीवर घासत चाललेल्या बांगड्या. मी अंथरुणातूनच ऐकत होते. भिंत संपली तेव्हा आवाज थांबला, मग फ्रीजच्या पत्र्यावर हात टेकल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. उंबऱ्यापाशी तू पायानं चाचपत होतीस. डावा पाय, परत मागे, पुन्हा डावा. मी दिवा लावला तर तू म्हणालीस, "कशाला, मला सवय आहे." सवय कसली? गुडघे असे आणि खाली शहाबादी फरशी.

बाबा, तुमचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. तो जुना पिवळा बल्ब नावाला झीरो. खरं म्हणजे बारा-पंधरा वॅट ओढतो. रात्रीचे दहा तास धरले तर महिन्याला चारेक युनिट जातात. पण आता अर्ध्या वॅटचा एलईडी मिळतो. हजार वॅट तासभर वापरले की एक युनिट, हे तुम्हीच मला सातवीत शिकवलंत. अर्धा वॅट, दहा तास, तीस रात्री, म्हणजे झाले दीडशे वॅट-तास. ०.१५ युनिट. वीज शुल्कासकट एक रुपया, तोही महिन्याचा. त्या एका रुपयापायी आईनं पाणी सोडलं, आणि डॉक्टर, लॅब नि गोळ्यांना किती गेले ते तुमच्या वहीत आहेच.

आता ती वही. तुम्ही दोघं दुपारी झोपलात तेव्हा मी वाचली, रागावू नका. एस.टी.तून रिटायर झालात तरी कंडक्टरचं वेबिल, तो तिकिटांच्या हिशेबाचा कागद, सुटलं नाही तुमचं. रोज संध्याकाळी सातचं रीडिंग, तांबड्या पेनानं फरक आणि महिन्याच्या शेवटी चौकोनात कोंडलेला आकडा : ९७, ९९, ९८, ९८. बावीस-तेवीस तारखेला गाडी पुढे जातेय असं दिसलं की टीव्ही बंद, इस्त्री बंद, गीझर तर दसऱ्यापासूनच बंद. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "शंभरच्या वर एक जरी गेलं तरी सगळं बिल महागाच्या दरानं लागतं."

तसं नाहीये, बाबा. ही समजूत आमच्या सोसायटीतही निम्म्या लोकांची आहे. तुमच्याच भाषेत सांगते. समजा, एखादा पॅसेंजर एक टप्पा पुढे गेला. तुम्ही त्याच्याकडून आधीच्या सगळ्या टप्प्यांचे पैसे नव्या दरानं घेत होतात का? हेही तसंच. पहिले शंभर युनिट त्यांच्या स्वस्त दरानंच राहतात. एकशेएकावं युनिट महाग, पण ते एकच. वीज आकार, वहन आकार आणि सोळा टक्के शुल्क मिळून आतलं युनिट सात रुपयांच्या आसपास पडतं, वरचं तेरा. दर जवळजवळ दुप्पट आहे, नाही म्हणत नाही. पण १०२ युनिट झाले म्हणून आभाळ कोसळत नाही, सव्वीस रुपये जास्त जातात. बिलाच्या मागच्या बाजूला सगळं छापलेलं असतं. तुम्ही पुढची बाजू बघून फाईलला लावता.

तुमची काटकसर मला चेष्टेची वाटत नाही. एस.टी.ची पेन्शन म्हणजे किती, हे मला ठाऊक आहे आणि त्याच हातांनी माझी होस्टेलची फी भरलीय. माझं म्हणणं एवढंच आहे की, तुम्ही तिकीट भलत्याच पॅसेंजरकडे मागताय. खरा फुकट्या स्वयंपाकघरात उभा आहे.

जायच्या आदल्या रात्री मी सगळी बटणं बंद करून दहाचं रीडिंग घेतलं आणि पहाटे सहाचं. घरात फक्त फ्रीज चालू होता. आठ तासांत पॉइंट आठ युनिट, आणि तेही दार न उघडता, ऐन थंडीत. म्हणजे उघडझाक धरून दिवसाचे अडीच. महिन्याचे पंचाहत्तर! तुमच्या ९८ पैकी ७५ तो एकटा खातो आणि बाकीचं घर तेविसात भागतं. मग मी दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावलं आणि ओढली. अडकायला हवी होती, ती अलगद हातात आली. खालच्या कोपऱ्यात तर रबर फाटलंय आणि तिथे आईनं चिकटपट्टी लावलीय. त्यात मागची जाळी भिंतीला टेकलेली नि शेजारी गॅसची शेगडी. बिचारा रात्रंदिवस धापा टाकतो. एकवीस वर्षं झाली त्याला, माझ्या बारावीच्या वर्षी आणला होता.

दुकानात जाऊन बघून आले. तेवढ्याच मापाचा स्टारवाला फ्रीज, लेबलावर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते दोनशेच्या आत. म्हणजे महिन्याला सोळा-सतरा. आता मांडा : बाकीचं घर २३, फ्रीज १६, झाले ३९. गीझरची पंधरा लिटरची टाकी आपल्याकडच्या गार पाण्यावरून कडकडीत तापायला साधारण पाऊण युनिट घेते, वीस-बावीस मिनिटं लागतात. दोघांच्या आंघोळीला रोज दोन टाक्या धरल्या तर महिन्याला ४५. एकूण ८४. बाबा, तुमचा शंभरचा चौकोन शाबूत आणि आईला रोज गरम पाणी! फ्रीजमध्ये चारशे रुपये वाचतात, गीझरला तीनशे पंधराच्या आसपास जातात. मी दोनदा तपासलंय, तुम्ही तिसऱ्यांदा तपासा. फक्त गीझर बटण दाबून विसरायचा नाही. पाणी तापलं की बंद, मग आंघोळ.

बंब मात्र आता माळ्यावर. मला कळतं, तांब्याचा आहे, आजीचा आहे आणि द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या फुकट मिळतात. पण काड्या ओल्या असतात, धूर सगळा मोरीत कोंडतो आणि आईचा खोकला दिवाळीपासून हटत नाही. ती म्हणते हवा बदललीय. हवा सगळ्यांचीच बदलली, मग सकाळी सात ते नऊच खोकला का येतो? फुंकणी ठेवून दिल्यावर आठ दिवसांत कळेल. तरीही राहिला तर छातीचा फोटो काढायचा, ज्येष्ठमध चघळत बसायचं नाही.

आणि एक गोष्ट, ही दोघांनीही नीट ऐका. निखाऱ्यांचं घमेलं रात्री झोपायच्या खोलीत आणता, दार लावता, फटीत गोणपाट कोंबता. हे आजपासून बंद. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस झोपेतच जातो. शेकायचंय तर अंगणात शेका, खोलीत घमेलं नको. शेजारच्या काकांनी सुचवलेला गॅसचा गीझरही त्याच कारणानं नको, आपल्या मोरीला धड खिडकी नाही.

त्याऐवजी गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या पाठवतेय. आई, तुझी गुडघ्यासाठी. बाबांची अंथरुणात आधी अर्धा तास ठेवायची आणि ते झोपायला आले की काढून घ्यायची. पायाला लावायची नाही. बाबा, तुमच्या साखरेमुळे तळव्यांना चटका कळत नाही. मागच्या वर्षी अंगठ्याला फोड आला तो तुम्हाला मोजा काढल्यावर दिसला, आठवतंय ना? तो भरायला दोन महिने लागले. पायांच्या भेगांना कोकमाचं तेल ठेवलंय डबीत, रात्री चोळून मोजे घाला. पण रोज तळवे उजेडात बघायचे, आईनं बघायचे.

आता तुम्हाला न आवडणारा परिच्छेद. प्रेशरची गोळी तुम्ही दिवसाआड घेता. पाकिटावर वार लिहिलेत ते मी पाहिलेत, सोमवारची गोळी बुधवारपर्यंत तशीच होती. पंधरा दिवसांची पट्टी महिनाभर पुरवायची! ही काटकसर तुमच्या वहीत कुठे लिहिलेली दिसली नाही. थंडीत प्रेशर वर जातं, कमी होत नाही. गोळी महाग वाटते तर डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि जनऔषधी केंद्रातून घ्या, पुष्कळ स्वस्त पडेल. पण रोज घ्या. पहाटे पाचला माकडटोपी घालून फिरायला जाणंही संक्रांत होईपर्यंत नको. ऊन पडल्यावर जा. मित्रमंडळी पाचलाच जमतात हे मला माहीत आहे. त्यांनाही सांगा, तुम्ही सांगितलेलं ते ऐकतात.

तो छतावर सोलर बसवणारा परत आला होता म्हणे. योजना खरी आहे, प्रधानमंत्री सूर्यघर, २०२४ची. एक किलोवॅटला ३०,००० अनुदान, तीनला ७८,०००. पण तो तुम्हाला तीन किलोवॅट सांगतोय, आणि एकच किलोवॅट दिवसाला चारेक युनिट देतो. आपल्याला लागतात तीन. तीन किलोवॅटची वीज घालायची कुठे, त्याच्या डोक्यावर? त्याला चहा द्या आणि पाठवून द्या. पुढच्या वर्षी बघू.

फ्रीज गुरुवारी येईल. पैसे मी भरलेत, त्यावर चर्चा नाही. माणूस जुना घेऊन जाणार आहे, तेव्हा आई, बुधवारीच रिकामा कर. मागच्या कप्प्यात दोन हजार एकोणीसचं लिंबाचं लोणचं आहे, ते टाकू नकोस, मला हवंय. नवा फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ठेवायला सांगा आणि शेगडीच्या बाजूला नको, खिडकीकडे. बोळातून जाताना आईला हात टेकायला तिथे काही राहणार नाही, म्हणून सुताराला सांगून भिंतीला लाकडी कठडा लावून घ्या, उंबऱ्यापासून मोरीच्या दारापर्यंत.

चिंगीची परीक्षा चालू आहे. आजीच्या हातची बाजरीची भाकरी आणि भरीत हवं म्हणून हटून बसलीय. तिच्या आईला भाकरी थापता येत नाही, हे ती शाळेत सगळ्यांना सांगते. संक्रांतीला येतोय. तीळ आम्ही आणू, गूळ तिथलाच घेऊ.

तुमची,
मंदा

ता. क. दिवा पार्सलमध्ये डाव्या मोज्यात गुंडाळलेला आहे, फुटायला नको म्हणून. बोळातल्या प्लगला नुसता खोचायचा. बाबा, उजव्या मोज्यात वर्षभराच्या दिव्याचे बारा रुपये ठेवलेत. सुटे आहेत.